तोतया पत्ता

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो तोतया उभा राहिला, त्याला १७७६ साली देहान्त शासन झाले. परंतु तत्पूर्वी कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले होते. ही हकीकत सांगितली की मुले हटकून विचारतात, ‘एवढे मोठे किल्लेदार फसले तरी कसे?’ पूर्वी मी या प्रश्नावर हसत असे. जानेवारी २०२४ पासून हसत नाही. भाऊसाहेब जिवंत असावेत अशी इच्छा त्या काळी अनेकांच्या मनात होती, आणि तोतयाचे निम्मे काम ती इच्छाच करीत होती.

माझी इच्छा त्या मानाने क्षुद्र होती. तेलंगण पोलिसांनी २६ डिसेंबर २०२३ पासून वाहनांच्या थकलेल्या दंडात सवलत जाहीर केली. दुचाकीस ८० टक्के माफी. माझ्या जुन्या स्कूटरवर १,४०० रुपये थकले होते, ते २८० रुपयांत मिटणार होते. अशात भ्रमणध्वनीवर संदेश आला, खाली दुवा. उघडला तो पोलिसांचे बोधचिन्ह, वाहनक्रमांकाची चौकट, सारे यथास्थित. कार्डाचा क्रमांक घातला, मागचे तीन आकडे घातले. लगेच बँकेकडून ओटीपी आला, तोही घातला.

पानावर २८० रुपये दिसत होते. बँकेच्या संदेशात मात्र सत्तावीस हजारांवर रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. ‘आधी पूर्ण वाक्य वाचा, मग उत्तर लिहा’ असे मुलांना आयुष्यभर बजावणाऱ्या मी ते वाक्य वाचलेच नाही. त्यातले सहा आकडे तेवढे उचलले.

याच सुमारास बनावट संकेतस्थळाविषयी पोलिसांनी लोकांना सावध केले. पोलिसांचा त्या वेळचा खरा पत्ता असा: ई-चलान, टिंब, टीएसपोलीस, टिंब, गव्ह, टिंब, इन. तोतयाचा पत्ता: ईचलानटीएसपोलीस, टिंब, इन. मधले टिंब गिळलेले आणि ‘गव्ह’ नाहीसे! विद्यार्थ्यांच्या वह्यांतील अनुस्वार मी लाल शाईने दुरुस्त करतो, हे येथे सांगण्यास संकोच वाटतो.

असला पत्ता डावीकडून वाचणे हीच मूळ चूक. आपण नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहितो. माणूस कोणत्या घरचा ते शेवटी कळते. आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढील दोन तिरक्या रेघा सोडाव्या. तेथून पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा मजकूर हा पत्ता, आणि तो उजवीकडून वाचावा. सरकारी घराचे आडनाव ‘गव्ह-टिंब-इन’. रिझर्व्ह बँकेनेही सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक-टिंब-इन’ हे आडनाव घेण्यास फर्माविले होते. अलीकडचे नाव कोणीही धारण करावे, त्याला मज्जाव नाही. शेजारच्या कुलुपाच्या चित्रावरही विसंबू नये. वाटेत तुमचे पत्र कोणी फोडणार नाही एवढीच त्याची हमी. ते पत्र चोराच्याच घरी चालले असले तरी कुलूप दिसते.

खरी लाज पुढेच आहे. फसलो हे त्याच रात्री कळले, आणि दोन दिवस मी कोणाजवळ बोललो नाही. मुख्याध्यापक फसला, हे शाळेत कळेल, मंडळात कळेल, ही भीती पैशांहून मोठी वाटली. तिसऱ्या दिवशी घरी सांगितले. सौभाग्यवतींनी एक शब्द न बोलता १९३० क्रमांक लावून दूरध्वनी हाती दिला. पलीकडच्या गृहस्थाने रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक विचारून घेतला आणि इतकेच म्हटले, ‘मास्टरजी, उसी वक्त करना था.’ पैसा ज्या खात्यात जातो तेथे तो थोडा काळ असतो. तेवढ्यात तक्रार पोचली तर तो गोठविता येतो. माझा पुढे सरकून गेला होता.

बँकेने रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाकडे बोट दाखविले. ग्राहकाने गुप्त आकडे स्वतःच दिले असतील, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. कार्ड त्या दोन दिवसांत चालूच होते. आणखी एकदा वापरले गेले नाही, हे केवळ नशीब.

सवलतीची मुदत वाढत वाढत १५ फेब्रुवारी २०२४ पर्यंत गेली होती. दंड अर्थातच थकलेलाच होता. या खेपेस पत्ता मी स्वतः अक्षर-अक्षर टंकित केला. ओटीपी आला तेव्हा सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. माझ्या हातून यंत्र घेऊन त्यांनी सबंध वाक्य मोठ्याने वाचले, ‘दोनशे ऐंशी रुपये’ दोनदा वाचले, आणि मगच मला सहा आकडे सांगितले.