दानाचा वडा, हक्काची भाकरी

स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की कोल्हापुरातील महाविद्यालयांच्या पटांगणांत खाद्यजत्रा भरू लागतात. कुणी मिसळ मांडतो, कुणी वडापाव, कुणी भेळ. एक-दोन दिवसांत गल्ला जमतो आणि ती रक्कम ‘गरीब व होतकरू’ विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी समारंभपूर्वक सुपूर्द केली जाते. पाहुणे कौतुकाचे चार शब्द बोलतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मुलांच्या मनाचा चांगुलपणा खरा आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या उपक्रमातून त्यांना नकळत शिकवल्या जाणाऱ्या अर्थशास्त्राचा.

साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, दहा विद्यार्थ्यांच्या गटाने दोन दिवसांत 12,000 रुपयांची विक्री केली. ही सारी रक्कम ‘नफा’ म्हणून जाहीर होते. परंतु बटाटे, डाळीचे पीठ, तेल, गॅस हे सर्व घरून आलेले असते. त्याची किंमत 7,000 रुपये धरली तर उरतात 5,000. दहा जणांनी रोज आठ तास राबून एकूण 160 तास काम केले, म्हणजे तासाला पदरात पडले सुमारे 31 रुपये. ज्या आयांनी आदल्या रात्री बटाटे उकडून सोलले, मसाला वाटला, त्यांचे श्रम तर या वहीत कोठेच नाहीत. जागेचे भाडेही नाही. म्हणजे जो नफा म्हणून मिरवला जातो, तो बव्हंशी पालकांचा शिधा आणि मुलांचे व आयांचे विनामूल्य श्रम असतात. श्रमाला किंमत नसते, हा पहिला खोटा धडा.

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर हातगाडी लावणाऱ्याला ही चैन परवडत नाही. तेल, गॅस, भाजी, कर्जाचा हप्ता यांची किंमत तो रोज रोख मोजतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याला सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधित्व यांचा हक्क दिला. तरीही अतिक्रमणविरोधी पथकाची धास्ती त्याच्या मनातून गेलेली नाही. आत एका अर्जावर पटांगण मिळते आणि बाहेर तोच वडा तळणारा माणूस अडथळा ठरतो, या विसंगतीवर एकाही अर्थशास्त्राच्या वर्गात चर्चा होऊ नये, हे आश्चर्य आहे.

दुसरा खोटा धडा अधिक घातक आहे. गरिबाचे शिक्षण हे सुस्थितांच्या औदार्यावर अवलंबून असते, असा तो धडा. निदान कोल्हापूरने तरी तो गिरवू नये. याच नगरीत शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभारण्यास हात दिला आणि पुढे जातीजातींच्या वसतिगृहांची मालिकाच निर्माण केली. 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते संस्थानाच्या तिजोरीच्या बळावर. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी याच शहरात चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराजांनी तेथे वर्गणीची पेटी ठेवली नाही. ते स्वतः तेथे जाऊन चहा प्याले. एका माणसाचा धंदा आणि त्याची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कृतीने उभ्या केल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’मागेही हेच तत्त्व होते. राबणारा विद्यार्थीच आपल्या श्रमाच्या बळावर शिकत होता. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी पायरी त्यात नव्हती.

यावर कुणी म्हणेल की संकटकाळी मदतीचा हात पुढे करणे हेही चूकच काय? मुळीच नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेने पात्र सोडले, तेव्हा तरुणांनी पूरग्रस्तांपर्यंत अन्न पोहोचवले. तो बंधुभाव होता आणि त्याबद्दल कृतज्ञताच असावी. पण पूर ओसरतो. शिक्षण शुल्काचा पूर मात्र 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दरवाजे उघडल्यापासून चढतच गेला आहे. कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सांगितले आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ जे उद्दिष्ट कागदावरच राहिले, त्याची तूट वडे तळून भरून निघणार आहे काय? दानाची पेटी जितकी वाजते, तितका सरकारच्या जबाबदारीचा आवाज दबतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी या जत्रांवर बहिष्कार न घालता त्यांत शिरावे. विद्यार्थ्यांना प्रत्येक घटकाची आणि प्रत्येक तासाची किंमत धरून खरा हिशेब लिहायला लावावा आणि तो फलकावर लावावा. फाटकाबाहेरच्या विक्रेत्याला आत बोलावून त्याचे अर्थशास्त्र त्याच्याच तोंडून ऐकवावे. जमलेली रक्कम गरजूंना जरूर द्यावी, परंतु नावे पुकारून आणि छायाचित्रे काढून नव्हे. शिवाय त्याच मांडवात शुल्कमाफी, वेळेवर शिष्यवृत्ती आणि पुरेशी वसतिगृहे यांची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या घ्याव्यात.

वडा खाणाऱ्याने पैसे द्यावेत आणि सहीही करावी. शाहूंच्या नगरीतील विद्यार्थ्यांकडून याहून कमी अपेक्षा धरणे हा त्यांचाच अवमान होईल.