मृत्युपत्र मोबाईलवर होत नसतं



सध्या आमच्या बॅरकमध्ये एक जाहिरात फिरते आहे : घरबसल्या वीस मिनिटांत मृत्युपत्र, वकिलाची गरज नाही. इथे राजस्थानात, घरापासून हजार किलोमीटरवर बसलेल्या जवानाला ते लगेच पटतं. सुट्टी मोजकी, तालुक्याचा वकील चकरा मारायला लावणार, आणि फोन तर हातातच. तरीही स्पष्ट सांगतो, हे पैसे वाया जातात.

कारण सोप्या मृत्युपत्राला वेबसाइट लागतच नाही. साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर नको, नोंदणीही सक्तीची नाही. तुमची सही आणि तुमच्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्या एवढं पुरे. एक घर, एक बँक खातं आणि घरात वाद नसेल, तर एका पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून टाका. मोबाईलवर ई-सही केली की काम झालं, असं कोणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे. कागदावर शाईची सही करावीच लागते.

राहिलं अवघड मृत्युपत्र. आपल्यापैकी बहुतेकांचं तेच असतं, कारण आपल्या घरी सातबारा आहे. वेबसाइट 'मालमत्तेचा पत्ता' विचारते. आजोबांनंतर वारस नोंद झाली तेव्हा आत्यांची नावं लागली का, वाटणी कागदावर आहे की नुसता बांध घातलाय, विहीर कोणाच्या हिश्श्यात, हे ती विचारत नाही. वडिलोपार्जित जमिनीत तुम्हाला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि 2005 च्या दुरुस्तीपासून बहिणीचा हक्क भावाइतकाच आहे. अख्खा गट बायकोच्या नावे लिहिलात, तर तिच्या पदरात जमीन नाही, कोर्टाचा दावा पडेल.

साक्षीदारांचंही तेच. युनिटमधला एक बिहारचा, एक केरळचा सोबती सही करतो. दोस्ती पक्की. पण वाद झाला तर मृत्युपत्र सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. वीस वर्षांनी वहिनी त्याला कुठे शोधणार? जाणता वकील आधीच बजावतो : साक्षीदार जवळपासचा आणि वयाने लहान घ्या.

आणखी दोन गोष्टी. फॅमिली पेन्शन मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, ती नियमात बसेल त्यालाच मिळते. बँकेतला नॉमिनी ठेवीची रक्कम स्वीकारतो, पण तेवढ्याने तो मालक होत नाही.

"पण वकील लुटतात की!" काही लुटतात, नाकारत नाही. म्हणून फी आधी लेखी ठरवा, मसुदा मराठीतच मागा, सातबारा आणि जुने फेरफार सोबत न्या. ओळखीचा वकील नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

माजी सैनिकांनो, तुम्ही गावातच आहात, तुम्ही तर हे उद्याच करू शकता. आणि आम्ही नोकरीतल्यांनी पुढच्या सुट्टीतला एक दिवस तालुक्यासाठी राखून ठेवावा. आपल्या माघारी त्या कागदावर भांडायला आपण नसतो, घरची माणसं असतात.