ड्रोनवाल्याला बोलावण्याआधी

गेल्या काही वर्षांत आपल्या मेळाव्यांच्या खर्चाच्या कागदावर मंडप, माईक, जेवण आणि गाड्या यांच्या खाली एक नवी ओळ येऊ लागली आहे: ड्रोन. मोर्चा असो, परित्यक्तांचा मेळावा असो की जमिनीच्या हक्कासाठीची पदयात्रा असो, 'वरून एक शॉट तरी हवाच' असं तयारीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. म्हणणारी बहुधा तरुण कार्यकर्ती असते आणि तिचं काही चूक नसतं. दोन हजार बायका रस्त्यावर उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'शेकडो महिला' एवढंच छापून आलं, हा अनुभव कुणाला नाही? वरून घेतलेलं चित्र हा पुरावा असतो. देणगीदार संस्थांनाही अहवालात तेच आवडतं, हेही खरं. तेव्हा मी ड्रोनच्या विरोधात नाही. पण ड्रोन भाड्याने आणताना आपण किती पैसे आणि किती वेळ, एवढंच विचारतो. फार तर 'लायसन्स आहे ना?' असं विचारतो आणि तो हो म्हणाला की निश्चिंत होतो. माझा आक्षेप या निश्चिंतीला आहे.

आधी लायसन्सचंच पाहू. आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यांत ड्रोनचे वर्ग वजनावर ठरतात. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, मग त्याहून मोठे. धंद्यासाठी मायक्रो किंवा त्याहून मोठा ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. २०२२ च्या दुरुस्तीने 'लायसन्स' हा शब्द नियमांतून गेला, लोकांच्या तोंडी मात्र तोच राहिला आहे. हे प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने मान्य केलेल्या प्रशिक्षण संस्थेतून मिळतं, आणि कोणत्या वर्गाचा ड्रोन उडवता येईल ते त्यावर लिहिलेलं असतं. ड्रोनचा स्वतःचा नोंदणी क्रमांकही असतो, गाडीला असतो तसा. नॅनो सोडल्यास तिसऱ्या पक्षाचा विमा लागतो. कुठे उडवायचं हेही नकाशावर रंगांनी ठरलेलं आहे. हिरव्या भागात वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. मुंबईत तर पोलिसांचे मनाईहुकूम वेळोवेळी निघत असतात, त्यामुळे तिथे कार्यक्रम असेल तर त्या तारखांना काय हुकूम आहे ते पोलीस ठाण्यात विचारूनच ठरवावं.

कागद मागताना आपल्याला उगाच संकोच वाटतो. समोरचा आपल्याच गावातला, लग्नांचं शूटिंग करणारा मुलगा असतो. पण आपल्या मेळाव्यात बायका पोरं मांडीवर घेऊन दाटीवाटीने बसतात. किलोभर वजनाचं यंत्र त्या गर्दीत कोसळलं तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? तयार परदेशी ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तरी लग्नसराईत ते सर्रास उडताना दिसतात. त्यांतल्या कितींची नोंदणी आणि विमा आहे, विचारून पाहा.

आता खरा मुद्दा. बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन मिळतात. ते वापरणारा म्हणतो, 'मॅडम, याला लायसन्स लागत नाही.' आणि तो खोटं बोलत नसतो. नॅनो ड्रोनला पायलटच्या प्रमाणपत्राची अट नाही. पण त्याच्या कॅमेऱ्याला बाईचा चेहरा मोठ्या ड्रोनइतकाच स्पष्ट दिसतो. नियम ड्रोनचं वजन मोजतात, कॅमेरा काय पाहतो ते मोजत नाहीत. प्रमाणपत्र हे आकाशाच्या सुरक्षिततेचं आहे. खाली कोण बसली आहे आणि तिला दिसायचं आहे की नाही, हे पाहणं त्या कागदाचं काम नव्हे. ते काम आपलं.

खेड्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना हे समजावून सांगायला नको. आपल्या किती वस्त्यांवर न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी पत्रा किंवा कूड आणि वर मोकळं आभाळ. आडोसा केलेला असतो तो रस्त्यावरच्या नजरेसाठी, वरून कुणी पाहील असा विचार करून कुणी न्हाणी बांधलेली नाही. ड्रोनवाल्यांना सकाळचं कोवळं ऊन हवं असतं. नेमकी तीच वेळ बायकांच्या आंघोळीची, आणि काही ठिकाणी अजूनही बाहेर जाण्याची. पाणलोटाच्या कामाचं किंवा बचत गटाच्या शेतीचं चित्रण करायला आणलेला ड्रोन वस्तीवरून सहज एक फेरी मारून येतो. त्यात हेतू वाईट असतोच असं नाही. पण बाईची खासगी कृती चोरून पाहणं किंवा टिपणं हा गुन्हा आहे. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत त्यासाठी ३५४ क हे कलम आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. याच कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. बाईने चित्र काढायला संमती दिली म्हणजे ते इतरांना दाखवायला संमती दिली असं होत नाही. कायद्याने हे खासगी चित्रापुरतं म्हटलं आहे. आपण आपल्या मोर्चालाही ते तत्त्व का लावू नये?

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. मारहाणीला कंटाळून ती घर सोडून दुसऱ्या तालुक्यात राहत होती, सासरी पत्ता माहीत नव्हता. तिथल्या एका गटाबरोबर ती एकल महिलांच्या मोर्चाला गेली. ड्रोन एका हितचिंतकाच्या ओळखीने, फुकट आला होता. पहिल्या रांगेवरून तो बराच खाली उतरून फिरला. त्या मुलाने चित्रणाला गाणं लावून ते आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं. चेहरा ओळखू येत होता, मागच्या बॅनरवर तालुक्याचं नाव होतं. आठ दिवसांत नवरा दारात उभा. चित्रण काढून टाका म्हणून चार फोन करावे लागले आणि दर वेळी एकच उत्तर, 'मॅडम, एवढे व्ह्यूज आलेत!'

तो त्याचा निगरगट्टपणा होताच, पण कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन फोटो किंवा चित्रपट करून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक करून घेणारा असतो. फुकटात हा आधार राहत नाही. आपली कामं बहुतेक ओळखीवर आणि उपकारावर चालतात, म्हणून हे आपण विशेष लक्षात ठेवायला हवं. थोडे का होईना पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि एका पानावर लिहून घ्यावं की मेमरी कार्ड कार्यक्रम संपल्यावर संस्थेकडे द्यायचं, प्रत ठेवायची नाही, आपल्या नावाने कुठे टाकायचं नाही, चेहरे ओळखू येतील इतकं खाली यायचं नाही आणि वस्तीवरून जायचं नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मंचावरून सांगावं की ड्रोन आपलाच आहे, अमुक वेळी उडेल, ज्यांना नको त्यांनी मंडपात बसावं.

एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला विचारलं, 'रस्त्यावर उतरलेल्या बाईला कसली गं लपवाछपवी?' प्रश्न रास्त आहे. आमच्या आधीच्या पिढीने बायकांना तोंड लपवू नका म्हणूनच शिकवलं. पण समोर उभा असलेला फोटोग्राफर बाईला दिसतो. नको असेल तर ती मान वळवते, पदर पुढे ओढते. वरच्या कॅमेऱ्यापुढे तिला हे करता येत नाही. शिवाय तो कुणाचा आहे हेही तिला कळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराच्या नळकांड्या टाकल्या. डोक्यावर घरघर ऐकून आंदोलनातली बाई बिचकली, तर तिला अडाणी म्हणता येणार नाही.

आणि पुरावा म्हणाल, तर मार्च २०१८ मधल्या नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चातून लोकांच्या मनात काय राहिलं? फोड आलेले, सोललेले पाय. ते जमिनीवर बसून काढलेले फोटो होते.

शक्य असेल तिथे चालक बाई शोधावी असं मात्र मला वाटतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेचं लक्ष्य १५,००० बचत गटांचं होतं. त्यांचे ड्रोन फवारणीचे. पण हात सरावलेल्या बायका आता तालुक्यांत आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर कॅमेऱ्याच्या ड्रोनचा वर्ग आहे का ते पाहावं, नसेल तर तो घ्यायला त्यांना मदत करावी. करार त्यांच्याशीही लेखीच करायचा, आणि कार्यक्रम संपल्यावर कार्ड त्यांच्याकडूनही मागून घ्यायचं.