ड्रेस कोड नाही म्हणतात तिथला ड्रेस कोड

माझी पहिली नोकरी पुण्यात, एका विमा कंपनीच्या शाखेत होती. तिथे नियम लेखी होता. फुल शर्ट, टाय, काळे बूट. माझ्याकडे दोनच शर्ट होते. आई रात्री एक धुवायची, मी सकाळी इस्त्री फिरवायचो. बाकीच्यांना तो नियम जाच वाटायचा. मला आवडायचा, कारण सगळेच टाय लावून बसलेले असताना कोण कुठल्या वस्तीतून आलाय हे चटकन कळत नसे.

दुसरी नोकरी बंगळूरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, "आपल्याकडे ड्रेस कोड नाही, हवं ते घाला." महिनाभरात कळलं की तो आहे, फक्त लिहिलेला नाही. माझ्या शेजारी बसणारा सहकारी हाफ पँट आणि स्लीपरवर यायचा. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही इंजिनिअर. लोक कौतुकाने म्हणायचे, "कामात इतका बुडालेला असतो, कपड्यांचं भान नाही." मी शर्ट खोचून गेलो की विचारणा व्हायची, "आज कुठे इंटरव्ह्यू?" म्हणून एके दिवशी मीही टी-शर्ट आणि चप्पल घालून गेलो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने अडवलं. "डिलिव्हरी मागच्या गेटने." आयकार्ड दाखवलं तेव्हा सोडलं. वर लिफ्टमधून बाहेर पडलो तर दुसऱ्या टीममधल्या एकाने एसी दुरुस्तीवाला समजून बोलावलं.

तेच कपडे त्याच्या अंगावर साधेपणा ठरले आणि माझ्या अंगावर गरिबी. हा फरक कापडाचा नव्हता. रंग, बोलण्याचा हेल, बुजरेपणा, आडनाव हे सगळं लोक कपड्यांसोबत एकत्र वाचतात.

हे वाचन आपल्या देशात जुनं आहे. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशकं लढावं लागलं. १८५९ मध्ये जाहीरनामा निघाला, पण त्यातही अट होतीच: झाका, मात्र उच्च जातीच्या स्त्रियांसारखं नको. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि जात ओळखू आणणारे जाडजूड दागिने टाकायला सांगितलं, ते याच कारणाने. आणि हा इतिहास संपलेला नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक गुन्हा शब्दांत लिहावा लागला: सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून दलित-आदिवासींना रोखणं. नवा शर्ट घातला म्हणून माणसं मार खातात, म्हणूनच कायद्याला हे लिहावं लागलं.

तरी चांगले कपडे घातले की प्रश्न सुटतो असंही नाही. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात पारशी सराईतून हाकलण्यात आलं. कपडे दार उघडतात. आत बसू देतातच असं नाही.

आता माझी चूक सांगतो. मागच्या वर्षी सकाळी मीटिंग रूममध्ये गेलो. तिथे साधी सिंथेटिक साडी नेसलेली, केसात फूल माळलेली एक बाई उभी होती. मी लॅपटॉप ठेवत हिंदीत म्हणालो, "तुम ज़रा टेबल पोंछ दो." ती शांतपणे म्हणाली, "दहा वाजताच्या मीटिंगसाठी आलेय." ती नवी ऑडिटर होती, तमिळनाडूतली. पुढे ओळख झाल्यावर कळलं, तीही घरातली पहिली पदवीधर.

मी माफी मागितली. पण माफी नेमकी कशाची, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. तिला सफाई कामगार समजलो यात अपमान नव्हता. माझे वडील महापालिकेत सफाई कामगार होते. सुटी झाली की ते खाकी गणवेश पिशवीत कोंबून साधा शर्ट चढवायचे, कारण गणवेशात बसलं की बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची. अपमान होता तो माझ्या 'तुम'मध्ये. टेबल पुसणारी असती तर तो 'तुम' मला खटकलाही नसता. गेटवर मला जे सहन झालं नाही, तेच मी वर जाऊन दुसऱ्याला दिलं.

म्हणून नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींना तीन गोष्टी सांगतो. ऑफिसात कपड्यांचा नियम काय आहे, हे एचआरला लेखी विचारा. न लिहिलेला नियम नेहमी नवख्याच्या अंगावर येतो. इस्त्रीचा शर्ट आवडत असेल तर तोच घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या आधीच्या पिढीने तो मिळवला आहे. आणि गणवेशातल्या माणसाशी, मग तो गेटवरचा असो की हाऊसकीपिंगचा, 'अहो-जाहो' करूनच बोला.

मी आजही शर्ट खोचूनच जातो. इंटरव्ह्यूचा प्रश्न अजून अधूनमधून येतो. मी हसून सांगतो, "नाही, कामावर आलोय."