रक्तदाबाचा रोजमेळ



आपल्या कापडबाजारात आणि आडतेबाजारात एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुकान बंद करण्यापूर्वी रोजमेळ जुळलाच पाहिजे. दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत मुनीमजी घरी जात नाहीत. परंतु हीच शिस्तप्रिय मंडळी स्वतःच्या रक्तदाबाविषयी मात्र वर्षातून एकदा दवाखान्यात पाहिलेल्या आकड्यावर निश्चिंत असतात. एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा कोणी ठरवीत नाही. मग एका आकड्यावरून प्रकृतीचा निर्णय कसा व्हावा?

रक्तदाब दिवसभर बदलत असतो. काहींचा दवाखान्यात पाऊल ठेवताच वाढतो आणि घरी बरा असतो. अशांना अकारण गोळी सुरू होण्याचा संभव असतो. काहींचे याच्या उलट असते : डॉक्टरांसमोर आकडा चांगला, पण घरी आणि दुकानात वाढलेला. हा छुपा रक्तदाब अधिक घातक, कारण त्यावर उपचारच सुरू होत नाहीत. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मात्र मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांची हानी मूकपणे करीत राहतो. म्हणून घरच्या घरी केलेल्या नोंदींना महत्त्व आहे.

यंत्र घेताना दंडावर पट्टा बांधण्याचे घ्यावे. मनगटावरची यंत्रे तितकी भरवशाची नसतात. पट्टा दंडाच्या घेरास योग्य हवा, कारण लहान पट्टा आकडा वाढवून दाखवितो. नवे यंत्र एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे. नाडी अनियमित असणाऱ्यांनी घरच्या यंत्राविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर हृदयाच्या पातळीत असावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. मोजताना बोलू नये. फोनवर भाव सांगत घेतलेला आकडा वहीत धरू नये.

आता हिशोब. सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी व सायंकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. अशा २८ नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या चार नोंदी सोडून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढावी. वरच्या आकड्याची निराळी, खालच्याची निराळी. दवाखान्यात साधारणतः १४०/९० ही मर्यादा मानतात. घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ धरतात. सरासरी तिथपर्यंत पोहोचली किंवा त्याहून अधिक आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. न आवडणारा आकडा गाळून चांगला तेवढाच लिहिणे म्हणजे ताळेबंदात खोट लपविणे होय. त्यात फसगत आपलीच.

नोंदींचे मोल आपल्या राज्याने अनुभवले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील काही जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे त्यांत होते. ठरलेली औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून न आलेल्याचा पाठपुरावा, हे त्याचे आधार. २०२२ मध्ये या कार्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. आपला जिल्हा त्या पहिल्या यादीत नव्हता. परंतु नोंद आणि पाठपुरावा या दोन गोष्टी कोणत्याही घरात आजपासून सुरू करता येतात.

आपल्या घरांपुरते दोन शब्द. चौविहारामुळे रात्रीची गोळी चुकत असेल तर ती परस्पर बंद करू नये. पुष्कळ गोळ्या दिवसातून एकदाच घ्यावयाच्या असतात आणि डॉक्टर त्यांची वेळ बदलून देऊ शकतात. पर्युषणात अठाई किंवा दीर्घ उपवासाचा संकल्प असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण अन्नपाणी घटल्यावर त्याच मात्रेने रक्तदाब फार उतरू शकतो. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ सांगते. पापड, लोणचे, शेव आणि खाखऱ्यातील मीठही त्याच खात्यात जमा होते.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातील बळ जाणे यांपैकी काही असेल, तर वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. असे काही नसेल तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गोळी वाढविणे वा थांबविणे हा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

यंत्र एक आणि घरातली माणसे अनेक. प्रत्येकाचे पान निराळे ठेवावे. विशेषतः घरातील स्त्रियांचे पान कोरे राहू देऊ नये.