पुण्यातला अवेस्ता-पंडित

मार्टिन हाउग हा जर्मनीतल्या वुर्टेंबर्गमधल्या शेतकरी घरातला मुलगा. 1859 मध्ये तो पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवायला आला, पण त्याचा खरा जीव अडकला होता पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात. त्यातल्या यस्ना या उपासनाविधीच्या मंत्रांमध्ये मिसळून गेलेल्या पाच गाथांची भाषा बाकीच्या मजकुराहून जुनी आहे आणि धर्मसंस्थापक झरथुष्ट्राचे म्हणून जे शब्द मानायचे ते एवढेच, असं त्याने ठासून मांडलं. 1862 मध्ये मुंबईत छापलेल्या त्याच्या निबंधांनी पारशी सुधारकांच्या हाती आयतं शस्त्र दिलं. तुमचा धर्म दोन देवांचा, असं हिणवणाऱ्या मिशनऱ्यांना आता गाथा उघडून ‘मूळ शिकवण एकाच देवाची’ असं उत्तर देता येऊ लागलं. हस्तलिखितांसाठी त्याने गुजरात पालथा घातला. पहलवी या जुन्या इराणी भाषेसाठी त्याला सोबत मिळाली ती पुण्याचे दस्तूर (पारशी धर्मगुरू) होशंगजी जामास्पजी आणि रेल्वेचे इंजिनिअर वेस्ट यांची. हाउगची चिकित्सा पोथीपाशी थांबणारी नव्हती. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक यज्ञग्रंथाचं काम करताना त्याने जाणत्या याज्ञिकाकडून विधी करवून पाहिले, सोमरसही चाखला. पांढरट, तुरट, कडू. काही चमच्यांपलीकडे घशाखाली उतरेना, हे त्याने तळटिपेत प्रामाणिकपणे नोंदवलंय. मला त्याच्या साऱ्या सिद्धांतांपेक्षा ही तळटीप जास्त आवडते. 1866 मध्ये तो मायदेशी परतला, पुढे म्युनिकला प्राध्यापक झाला आणि 1876 मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला. निबंधांची सुधारित आवृत्ती वेस्टनेच काढली.