ग्रामसभा कोणाच्या भाषेत?

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला तेव्हा माझ्या ऑफिसातली सगळी मराठी पोरं तापली होती. मीही. सहा वर्षांच्या लेकरावर दुसऱ्याची भाषा का लादता, हा आमचा प्रश्न होता. प्रश्न बरोबरच होता आणि 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला मी घरी, आलापल्लीला होतो. जवळच्या एका गावात ग्रामसभा होती, तिथे जाऊन बसलो. ठराव वाचला गेला तो सरकारी मराठीत. 'सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे' वगैरे. मागे टोल्यावरच्या माडिया बाया बसल्या होत्या. रजिस्टर फिरलं, कोणी सही केली, कोणी अंगठा दिला. बाजूच्या आजींना विचारलं, काय ठरलं? त्यांच्या नातीने माडियात विचारून मला मराठीत सांगितलं, "आजी म्हणते, सहीला बोलावलं होतं, केली."

आमचा भाग पाचव्या अनुसूचीतला. 1996 चा पेसा कायदा आणि 2014 चे राज्याचे नियम इथल्या ग्रामसभेला मोठे अधिकार देतात. तेंदू-बांबूसारख्या गौण वनोपजाची मालकी तिची. योजनेचे लाभार्थी ती निवडते. भूसंपादनाआधी तिच्याशी सल्लामसलत करावी लागते. हे सगळं त्या आजींच्या सहीवर चालतं, आणि सही कशावर केली हे आजींना माहीत नाही. कागदावर मात्र कोरम पूर्ण.

"आता सगळ्यांनाच मराठी समजते," असं लोक सांगतात. आठवडी बाजारात मिरची घेण्यापुरती समजते, हो. 'ना-हरकत', 'निर्वनीकरण' हे शब्द तुम्हाला तरी एका दमात समजतात का? "माडियाला लिपीच नाही," हे दुसरं उत्तर. माडिया देवनागरीत लिहिता येते. गोंडीच्या मसराम लिपीला 2017 मध्ये आणि गुंजाला लिपीला 2018 मध्ये युनिकोडने जागा दिली. आणि सभेत तर बोलायचं असतं. बोलायला लिपी कशाला लागते?

गावाने स्वतः भाषा निवडली तर काय होतं, तेही पाहिलंय. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने ती बेकायदा ठरवली आणि गावाला कोर्टाची पायरी चढावी लागली. हिंदीसाठी रस्त्यावर आलेले आपण तेव्हा कुठे होतो? मी तर पुण्यात होतो आणि मला पत्ताही नव्हता.

माझ्या धंद्यातले मित्र म्हणतील, भाषांतराचं अ‍ॅप काढू. नका काढू. बऱ्याच टोल्यांवर रेंज नाही. पण दोन्ही भाषा येणारी, शाळा शिकलेली पोरगी जवळपास प्रत्येक गावात आहे. त्या दिवशी आजींची नात माझ्यासाठी दुभाषी झालीच की. तिला पुढे बसवा आणि सभेचं मानधन द्या. पेसा गावांना 2015 पासून 5 टक्के अबंध निधी मिळतो. पेसाची अंमलबजावणी म्हणजे आणखी काय असते?

मागण्या तीनच. सभेची दवंडी टोल्याटोल्यावर माडियात द्या. हात वर करायला सांगण्याआधी प्रत्येक ठराव माडियात समजावून सांगा आणि प्रश्न विचारू द्या. कोणी समजावला, हे इतिवृत्तात नावासकट लिहा. ही नोंद नसेल तर तो ठराव ग्रामसभेचा मानू नका.

आपल्या पोरांसाठी जे मागितलं, तेच हे आहे. या 26 जानेवारीला गावी असाल तर सभेत मागे जाऊन बसा. रजिस्टर फिरायच्या आधी उठून एवढंच विचारा: हे माडियात कोण सांगणार?